कांचेच्या पाटीवरची लेखणी

मुरबाड तालुक्यांतील फांगणे या लहानशा गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं एक शाळा उघडली. तिच्या विद्यार्थिनींचें वय साठीच्या पुढें, कांहींचें तर नव्वदीच्या घरांत. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन या आजीबाई दुपारीं शाळेंत येत आणि मांडीवर पाटी ठेवून बाराखडी गिरवीत. जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनीं मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेच्या साहाय्यानें सुरू केलेली ही 'आजीबाईंची शाळा' पुढें देशोदेशींच्या वृत्तपत्रांत गाजली. त्या वृत्तांतांबरोबर छापलेल्या छायाचित्रांत गुलाबी लुगड्यांकडे सर्वांचें लक्ष गेलें; हातांतील पाटीच्या पेन्सिलीकडे फारसें कोणाचें गेलें नाहीं. ज्या बोटांनीं जन्मभर विळा-कोयता चालविला आणि भाताचीं रोपें लाविलीं, त्या बोटांना ती चिमुकली पेन्सिल धरणें हाच पहिला धडा असतो. अक्षर त्यानंतर येतें.

त्याच ठाणें जिल्ह्यांत, शेजारच्या शहापूर तालुक्यांत, पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा त्याच दशकांत 'डिजिटल शाळा' म्हणून नांवारूपास आली. संदीप गुंड या शिक्षकांच्या खटपटीनें तेथील मुलें स्पर्शानें चालणारा पडदा आणि टॅब्लेट यांवर शिकूं लागलीं. एका तालुक्यांत दगडी पाटी, दुसऱ्यांत कांचेची.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत तर टॅब्लेट आतां नवलाईचा राहिलेला नाहीं. नातवाच्या शिकवणीसाठीं, सुनेच्या कार्यालयीन टिपणांसाठीं, आजोबांच्या वृत्तपत्रवाचनासाठीं तो आणला जातो, आणि केव्हां तरी कोणाच्या मनांत येतें कीं, नुसतें बोटानें चाळण्यापेक्षां यावर लिहितां आलें तर बरें. लेखणी मागविली जाते. आठ दिवसांत ती टेबलाच्या खणांत जाऊन पडते. तक्रारी ठरलेल्या असतात: अक्षर उठतच नाहीं, रेघ हातामागून रखडत येते, तळहात टेकला कीं पान सरकतें. अशा वेळीं दोष बहुधा लेखणीचाही नसतो आणि टॅब्लेटचाही नसतो. दोघांची पत्रिका न पाहतां लग्न लावलेलें असतें, एवढेंच.

लिहिण्याचें पृष्ठ आणि लेखणी यांची जोडी नेहमींच ठरलेली असे. पंतोजींच्या शाळेंत लांकडी फळीवर धूळ पसरून तीवर टोंकदार काडीनें अक्षर काढीत. काडी धूळ बाजूला सारी आणि खालची फळी दिसे. दक्षिणेंत ताडपत्रावर लोखंडी शलाकेनें अक्षर कोरून मग त्यांत काजळी भरीत. कागदाला शाई हवी, म्हणून शाई धरून ठेवणारा आणि कत घालतां येणारा बोरू आला. दगडी पाटीवर पेन्सिल स्वतः झिजते आणि आपलीच भुकटी मागें ठेवते. (ती पाटीपेक्षां मुलांच्या पोटांतच अधिक जाते, ही शिक्षकांची फार जुनी तक्रार आहे.) या प्रत्येक ठिकाणीं लेखणी प्रत्यक्ष कांहीं तरी करिते: सारते, कोरते, सांडते किंवा झिजते. टॅब्लेटवर ती यांपैकीं कांहींच करीत नाहीं. तिचें टोंक या घटकेला कांचेवर कोठें आहे एवढेंच ती टॅब्लेटला कळविते. रेघ काढण्याचें काम कांचेखालील पडदा करितो. म्हणून दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न लेखणीविषयीं विचारूं नये. घरांतील टॅब्लेट लेखणीला कोणत्या रीतीनें ओळखतो, हा पहिला प्रश्न होय. त्याचें उत्तर मिळालें कीं निम्मी निवड आपोआप होते.

आजच्या बहुतेक टॅब्लेटांच्या कांचेखालीं अत्यंत पातळ आणि पारदर्शक अशा वाहक थराची उभी-आडवी जाळी असते. पुष्कळदां हा थर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडाचा असतो. जाळीच्या छेदनबिंदूंपाशीं किंचित विद्युत्-भार सांठविलेला असतो, आणि तो सांठविण्याच्या क्षमतेस धारिता असें म्हणतात. मनुष्याच्या शरीरांत पाणी आणि क्षार असल्यामुळें तें विजेचें वाहक आहे. बोट कांचेला टेकलें कीं त्या जागेची धारिता बदलते. आंतील यंत्रणा हा बदल सेकंदाला अनेक वेळां मोजून स्पर्श कोठें झाला हें ठरविते. यांत दाबाचा कांहीं संबंध नाहीं. म्हणूनच लांकडाची काडी, नख किंवा साधें प्लॅस्टिकचें पेन कितीही जोरानें घासलें तरी टॅब्लेट ढिम्म राहतो. १९९६ सालीं निघालेल्या पामपायलट या खिशांतल्या यंत्राचा पडदा वेगळ्या जातीचा होता. त्यांत दोन पातळ थर दाबानें एकमेकांस चिकटत, आणि त्यामुळें त्यावर कोणतीही काडी चाले. त्या आठवणीवर विसंबून आजच्या कांचेवर काडी चालविणाऱ्याच्या पदरीं ओरखड्यांशिवाय दुसरें कांहीं पडत नाहीं.

ही गोष्ट मुलांना दाखवून द्यावयाची असेल तर एक सोपा प्रयोग आहे. कान साफ करण्याची कापसाची काडी घ्यावी, तिचें टोंक पाण्यांत किंचित ओलें करावें आणि पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद काडीभोंवतीं असा गुंडाळावा कीं तो कापसालाही लागेल आणि बोटांनाही. या काडीनें टॅब्लेटवर रेघ उठते. कागद काढून घेतला कीं रेघ थांबते. हात, धातु, ओला कापूस आणि कांच अशी विजेची वाट अखंड राहिली तरच लेखणी चालते, हें दहा मिनिटांत आणि जवळजवळ फुकट समजतें.

याच कारणानें फांगण्याच्या आजीबाईंसारख्या हातांची एक निराळी अडचण समजून घेण्याजोगी आहे. शेतकामानें घट्टे पडलेल्या, कोरड्या पडलेल्या बोटांची कातडी जाड असते आणि कांचेखालच्या जाळीला तिची चाहूल नीट लागत नाहीं. शहरांतील म्हाताऱ्या माणसांचीं बोटेंही हिवाळ्यांत अशींच कोरडीं होतात. 'आजीला टॅब्लेट जमतच नाहीं' असें नातवंडें हंसून म्हणतात, तेव्हां पुष्कळदां आजीची समज कमी पडलेली नसते. तिच्या बोटाची खूण यंत्राला पटलेली नसते. तिच्या हातीं योग्य लेखणी दिली तर हा उपहास थांबण्याचा संभव आहे. ती कोणती, हें लेखण्यांच्या जाती पाहिल्यावर ध्यानांत येईल.

सर्वांत स्वस्त जात म्हणजे रबरी टोंकाची. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी ही लेखणी वस्तुतः एक कृत्रिम बोट आहे. कांचेला बोटाएवढा स्पर्श हवा असल्यामुळें तिचें टोंक पांच-सहा मिलिमीटर रुंद ठेवावें लागतें. पानें उलटणें, खुणा करणें, मोठ्या अक्षरांत सही करणें येवढ्यापुरती ती चांगली. परंतु तिनें 'राष्ट्र' हा शब्द लिहूं पाहावें, म्हणजे जोडाक्षराचा कसा चेंदामेंदा होतो तें दिसेल. टोंक जाड असल्यामुळें तें आपल्याच अक्षरावर सांवली धरितें, आणि लिहिणारा अंदाजानें लिहितो. हीच अडचण ओळखून कांहीं लेखण्यांच्या टोंकाला पारदर्शक चकती बसविलेली असते. चकतीमुळें स्पर्श रुंद राहतो आणि मधला बिंदु डोळ्यांना दिसतो. चित्र गिरविण्यासाठीं ही बरी. भराभर लिहितांना मात्र चकती कांचेवर टकटक वाजते आणि धूळ सांपडली तर ओरखडा काढिते. या दोन्ही जातींना विजेची वाट हातांतूनच मिळते. म्हणून हात फार कोरडा असेल तर त्या बोटाइतक्याच आंधळ्या ठरूं शकतात.

दुसरी जात बॅटरीवर चालणाऱ्या बारीक टोंकाच्या लेखण्यांची. बाजारांत 'कोणत्याही टॅब्लेटला चालणारी' म्हणून जी विकली जाते ती बहुधा हीच. तिचें टोंक दीड-दोन मिलिमीटरांचें असतें, आणि आंतील यंत्र असा विद्युत्-संकेत सोडतें कीं कांचेला तो बोटाचाच भासावा. घट्टे पडलेल्या हाताला ही उपयोगी, कारण खूण हाताची नसून बॅटरीची असते. अक्षरही पुष्कळ बारीक काढतां येतें. दोन उणिवा मात्र आहेत. दाब किती दिला हें तिला कळत नाहीं. आणि तिचा स्पर्श बोटासारखाच भासत असल्यामुळें टेकलेला तळहात आणि लेखणी यांतील भेद टॅब्लेटला उमगत नाहीं. (२०१८ नंतरच्या आयपॅडांसाठीं म्हणून निघणाऱ्या कांहीं स्वस्त लेखण्या या दुसऱ्या दोषांतून मुक्त आहेत.) टीपकागदाच्या काळीं शाई पुसूं नये म्हणून लोक हाताखालीं कागद घेत, त्याचप्रमाणें तळहाताखालीं जाड कोरड्या कापडाची घडी घेतली तर पुष्कळ निभावतें.

तिसरी जात टॅब्लेट बनविणाऱ्या कंपनीनें त्या टॅब्लेटसाठींच केलेल्या लेखणीची. येथें लेखणी आणि टॅब्लेट यांच्यामध्यें एक सांकेतिक भाषा असते. लेखणी जवळ आली कीं टॅब्लेट बोटांकडे दुर्लक्ष करितो, दाब ओळखतो आणि लेखणी कलली तर तेंही ओळखतो. ॲपलची पेन्सिल २०१५ सालीं निघाली. त्यानंतर २०१८, २०२३ आणि २०२४ या सालीं आणखी तीन प्रकार निघाले. प्रत्येक प्रकार प्रत्येक आयपॅडला चालत नाहीं. आणि २०२३ च्या यूएसबी-सी जोडणीच्या पेन्सिलीला तर दाब कळतच नाहीं. नांव एकच आणि गुण निराळे, अशी ही स्थिति असल्यामुळें नांवावर जाऊन पैसे देणारा फसतो. खोक्यावरील प्रकार आणि टॅब्लेटच्या पाठीवरील क्रमांक हे दोन्ही जुळवून पाहिल्यावांचून ही खरेदी करूं नये.

चौथ्या जातीची रचना सर्वांत सुबक म्हणावी लागेल. वाकॉम ही जपानी कंपनी १९८३ सालीं स्थापन झाली. तिच्या पद्धतींत पडद्याखालीं तारांची एक स्वतंत्र जाळी असते. ती आपल्या भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करिते. लेखणींत तारेचें एक लहानसें वेटोळें असतें. क्षेत्रांत येतांच तें वेटोळें सतारीच्या तरफेसारखें आपोआप झंकारतें, आणि त्या झंकाराचा पडसाद जाळीला परत मिळतो. लिहिण्यासाठीं लागणारी सर्व शक्ति टॅब्लेटकडूनच मिळत असल्यामुळें लेखणीला बॅटरी लागत नाहीं. सॅमसंगची २०११ पासून प्रसिद्ध असलेली एस-पेन याच तत्त्वावर लिहिते. परंतु ही जाळी नसलेल्या टॅब्लेटवर ती निव्वळ काडी होय, आणि त्याच कंपनीच्या स्वस्त टॅब्लेटांत ही जाळी बहुधा नसते.

शहापूर-मुरबाडकडील घाटपायथ्याच्या पाड्यांत, जेथें पावसाळ्यांत झाड पडलें कीं वीज जाते, तेथें या भेदाचें महत्त्व मुंबईपेक्षां अधिक आहे. टॅब्लेट भरून ठेवणें हेंच एक काम; त्यांत लेखणीही भरावी लागली तर दुसरें. उन्हाळ्याच्या सुटींत महिना-दीड महिना न भरतां पडून राहिलेली लेखणी जूनमध्यें जागी होत नाहीं, असा प्रसंग येतो. कांहीं लेखण्यांना चार-ए मापाचा बारीक सेल लागतो, आणि तो तालुक्याच्या बाजारांत सहसा मिळत नाहीं. शहरांतील कुटुंबें आपले जुने टॅब्लेट खेड्यांतील शाळांना देतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर लेखणी द्यावयाची असेल तर ती त्या टॅब्लेटवर लिहून पाहूनच द्यावी. न जुळणारी महाग लेखणी देण्यापेक्षां रबरी टोंकाच्या दहा लेखण्या दिल्या तर त्या वर्गाला अधिक उपयोगी पडतील. शिवाय तेथील पाऊस हा स्वतंत्र विषय आहे. कांचेवर पाण्याचा थेंब पडला कीं जाळीला तो बोटासारखा वाटतो आणि रेघा भलत्याच ठिकाणीं उमटतात. कोरडें फडकें दगडी पाटीला लागत असे. कांचेच्या पाटीलाही लागतें.

आतां लिपीचा विचार. या वस्तु रोमन लिपीच्या देशांत प्रथम घडल्या, आणि त्यांच्या जाहिरातींत नमुना म्हणून दिसतें तें अक्षर त्याच लिपीचें असतें. देवनागरीच्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत. पहिली गरज शिरोरेघेची. मोडी लिहिणारे आधीं पानभर रेघा आंखून घेत आणि मग त्यांखालीं अक्षरें लोंबवीत; बालबोध लिहिणारा शब्द पुरा करून मग वर रेघ ओढतो. ही रेघ लांब, आडवी आणि झपाट्याची असते. लेखणीच्या हालचालीमागून रेघ उमटण्यास जो विलंब लागतो तो लहानशा वळणांत जाणवत नाहीं. शिरोरेघेंत मात्र ताबडतोब दिसतो. शिवाय गुळगुळीत कांचेवर कठीण टोंक घसरतें आणि रेघ शब्दाबाहेर पळते. यावर उपाय म्हणून कांचेवर कागदासारखा खरखरीत पापुद्रा चिकटवितात. त्यानें हाताला अडण मिळते आणि अक्षर सुधारतें. मात्र लेखणीचें टोंक लवकर झिजतें आणि चित्राची झळाळी थोडी मंदावते. लहान मुलाच्या अक्षरासाठीं हा सौदा वाईट नाहीं.

दुसरी गरज कताची. बोरूला तिरका कत घालीत, त्यामुळें अक्षरांत जाड-बारीकपणा येई. देवनागरीसाठीं हा तिरकेपणा रोमन लिपीच्या टांकाच्या उलट अंगाला असतो. म्हणून रोमन अक्षरांत जी तिरपी रेघ बारीक येते ती आपल्या अक्षरांत जाड येते. टॅब्लेटवरील लेखणीचें टोंक गोल असल्यामुळें तिला कत नसतोच. कित्येक चित्रकलेच्या ॲपांत चपट्या टांकाचा कुंचला असतो, पण त्याचा कोन सहसा रोमन वळणाचा ठेवलेला असतो. ज्या ॲपांत कोन बदलतां येतो त्यांत तो उलट अंगाला वळविला कीं तीच लेखणी एकदम बालबोध वळणाचें अक्षर देऊं लागते. सुलेखनाची आवड असणाऱ्यानें महाग लेखणीवर खर्च करण्यापूर्वीं ही फुकटची सोय अवश्य पाहावी.

चित्र काढणाऱ्यांना दुकानदार पहिल्यानें दाबाच्या पायऱ्या सांगतो: चार हजार शहाण्णव. हा आंकडा ऐकून दबून जाण्याचें कारण नाहीं. माणसाच्या हाताला इतक्या पायऱ्या वेगळ्या ठेवतां येत नाहींत. दाब कळतो कीं नाहीं, हा प्रश्न खरा. किती हजार पायऱ्यांनीं कळतो, हा जाहिरातीचा. आणि कित्येक चित्रांना दाबाची गरजच नसते. वारली चित्रकला हें घरचें उदाहरण आहे. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं ही कला भिंतीवरून कागदावर आणि पुढें जगभर नेली. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांचें गंजाड गांव पूर्वींच्या ठाणें आणि २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यांतील. सुवासिनी लग्नाच्या घरांत पालघाटाचा चौक लिहीत, तेव्हां त्यांची लेखणी म्हणजे बांबूची काडी. तिचें टोंक चावून त्याचे तंतु मोकळे केले कीं कुंचला तयार. तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून त्यांत थोडा डिंक घातला कीं रंग तयार. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि ठिपके एवढ्यावर सगळें जग उभें राहतें, आणि रेघेची जाडी बहुतेक सारखीच असते. अशा चित्रासाठीं दाब ओळखणारी लेखणी घेणें म्हणजे पैसा वायां घालविणें होय. बारीक टोंकाची, ठिपका नेमका टाकणारी साधी लेखणी पुरते. उलट पेन्सिलीची छाया, व्यक्तिचित्र किंवा जलरंगाचा आभास ज्याला हवा, त्याला दाब आणि कल या दोन्ही गोष्टी ओळखणारी लेखणीच घ्यावी लागेल.

ठिपका नेमका पडतो कीं नाहीं, हें एकट्या लेखणीवर अवलंबून नसतें. स्वस्त टॅब्लेटांत वरची कांच आणि खालचा पडदा यांत पोकळी असते, म्हणून टोंक एका ठिकाणीं टेकतें आणि रेघ किंचित दूर उमटलेली दिसते. याला लेखणी बदलणें हा उपाय नाहीं.

दुकानांत परीक्षा घ्यावयाची तर आपलाच टॅब्लेट बरोबर न्यावा. प्लॅस्टिकची पट्टी (धातूची नको, ती कांचेला हात समजते) तिरपी ठेवून तिच्या कडेनें अगदीं सावकाश रेघ ओढावी. निकृष्ट लेखणीची रेघ पट्टी असूनही नागमोडी येते. ही खोड भराभर ओढलेल्या रेघेंत लपते, म्हणून दुकानदार नेहमीं भराभर ओढून दाखवितो. मग तळहात टेकून 'ज्ञानेश्वर' हा शब्द रोजच्या आकाराचा लिहावा आणि वर एका दमांत शिरोरेघ द्यावी. शेवटीं लेखणी पांच मिनिटें हातांत तशीच धरून पाहावी. बारीक दांडी जवानांना शोभते. संधिवाताच्या बोटांना जाड दांडी लागते. तीवर लहान मुलांच्या पेन्सिलीला घालतात तशी मऊ रबरी नळी चढविली तरी काम होतें. मात्र रबरी किंवा चकतीच्या टोंकाची लेखणी असेल तर नळी अशी बसवावी कीं बोट धातूला लागून राहील. कंपवात असणाऱ्यांसाठीं बऱ्याच ॲपांत रेघ सावरून घेण्याची सोय असते. ती चालू केल्यास हात हालला तरी अक्षर स्थिर येतें.

सुटीं टोंकें मिळतात कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. झिजलेलें टोंक तसेंच वापरलें तर आंतील धातु उघडी पडून कांच खरवडते. हीं टोंकें तांदळाच्या दाण्याहून फारशीं मोठीं नसतात. घरांत रांगतें मूल असेल तर तीं डबींत झांकून उंचावर ठेवावीं. पाटीची पेन्सिल पोटांत गेली तर आई रागावत असे आणि गोष्ट तेथेंच मिटे. हें टोंक गिळलें गेलें तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावें लागेल.